कुळवृत्तांतात नसलेला रकाना



ग्वाल्हेर, इंदूर, देवास, धार इथल्या आपल्या मराठी घरांत कुळवृत्तांत ही फार जपून ठेवायची वस्तू. कापडी बांधणीचं जाड पुस्तक, देवघराच्या वरच्या फळीवर नाहीतर कपाटात शालूंच्या खाली. मूळ पुरुष कोण, कोकणातून निघाला की घाटावरून, शिंद्यांच्या लष्कराबरोबर आला की होळकरांच्या, कोणाला काय इनाम मिळालं, सगळं त्यात सापडतं. त्याच्याही मागे जायचं असेल तर नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशीच्या उपाध्यायांच्या वह्या आहेतच. पणजोबा कोणत्या साली आले होते, बरोबर कोण होतं, खाली मोडीत सही. तीनशे वर्षं मुलुखाबाहेर राहूनही आपली मुळं कागदावर पक्की आहेत, याचा आपल्याला अभिमान आहे.

या पुस्तकांत काय नाही, त्याबद्दल आज लिहायचं आहे. माणूस कशानं गेला ते त्यात नसतं. दर मार्चमध्ये इंदुरात आम्ही मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या तपासणीसाठी जो वॉक काढतो, त्यात चालणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एक कागद देतो. लोक विचारतात, वॉकमध्ये वंशावळीचा कागद कशाला? त्याचं उत्तर जरा लांब आहे.

माझं माहेर लष्करचं, म्हणजे ग्वाल्हेरचं. सासर इंदूर. माहेरच्या कुळवृत्तांतात आजोबांच्या नावापुढे लिहिलंय: मॅट्रिक, दरबारच्या महसूल खात्यात नोकरी, सतारीचा छंद, मृ. १९५६. थोरल्या काकांपुढे: बी.ए., एलएल.बी., वकिली, मृ. १९८३. आत्यापुढे फक्त 'वि. देवास' आणि तिथे तिची ओळ संपते. लग्न झालं की मुलगी दुसऱ्या कुळाची. तिची पुढची नोंद सासरच्या पुस्तकात असायला हवी. तिथे ती नवऱ्याच्या नावाखाली एका शब्दात आहे, तोही बदललेल्या नावानं.

तोंडी जे चालत आलं ते असं: आजोबा 'पोटाच्या विकारानं' गेले, काका 'मूळव्याधीनं' गेले, आत्या 'बायकांच्या आजारानं' गेली. तिघंही पन्नाशीच्या आसपास. तीन वेगळ्या आजारांची तीन वेगळी मरणं म्हणून घरात ती सांगितली जायची. २०१४ साली काकांचा मुलगा, आमचा दादा, सेहेचाळिसाव्या वर्षी गेला तेव्हा पहिल्यांदा कोणीतरी नाव घेतलं, मोठ्या आतड्याचा कर्करोग. आणि तेव्हाच एका डॉक्टरीणबाईंनी वहिनींना विचारलं, यांच्या घरात अजून कोणाला होता का? वहिनी म्हणाल्या, नाही हो, कोणालाच नाही. त्यांना जे माहीत होतं त्याप्रमाणे ते खरंच होतं.

दादाला त्याआधी आठ महिने रक्त पडत होतं. त्याच्यावर मूळव्याधीचं औषध चालू होतं. गाव कोणतं, डॉक्टर कोण, ते लिहीत नाही. बोटानं तपासणी झाली नाही, दुर्बीण घातली गेली नाही, मलम आणि चूर्ण बदलत राहिलं. आपल्याकडे रेल्वेच्या कडेच्या भिंती आठवा. ग्वाल्हेरहून इंदूरला येईपर्यंत निम्म्या भिंतींवर बवासीर-भगंदरच्या शर्तिया इलाजाच्या जाहिराती रंगवलेल्या. शौचावाटे रक्त म्हणजे मूळव्याध, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की दुसरा विचारच येत नाही. आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा ती मूळव्याधच असते. म्हणून तर उरलेल्या वेळा तिच्या आड इतक्या छान लपतात.

गंमत बघा, आपल्या घरांत पोटाविषयी लाज कधीच नव्हती. सकाळी चहाबरोबर 'पोट साफ झालं का' हा प्रश्न आजोबांपासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांना विचारला जायचा. सुटीच्या दिवशी पोरांना ओळीनं बसवून एरंडेल पाजायचं, वर लिंबाची फोड. इसबगोलाचा डबा जेवणाच्या टेबलावर. बद्धकोष्ठावर आपण तास तास बोलू शकतो. फक्त रक्त दिसलं की गप्प. मग ते आईला सांगायचं नाही, बायकोला सांगायचं नाही, स्वतःशी म्हणायचं, उष्णता झाली असेल, तिखट खाल्लं असेल.

आता थोडं लांब जाऊ. १८९५ साल, अमेरिकेतलं अ‍ॅन आर्बर गाव, मिशिगन विद्यापीठ. आल्ड्रेड वॉर्थिन नावाचे तरुण रोगनिदानतज्ज्ञ तिथे होते. त्यांच्याकडे शिवणकाम करणारी पॉलीन ग्रॉस नावाची बाई एक दिवस उदास दिसली. विचारल्यावर म्हणाली, मी लवकर मरणार, माझ्या घरातले सगळे पोटाच्या, आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कर्करोगानं गेले, मीही तशीच जाणार. दुसऱ्या कुणी तिची समजूत घालून विषय संपवला असता. वॉर्थिननी तिच्या घराण्याची माहिती गोळा करायला सुरुवात केली. माहिती आणून देणारी मुख्य व्यक्ती ती स्वतःच. ग्रॉस घराणं जर्मनीतून मिशिगनमध्ये येऊन स्थायिक झालेलं. आपल्यासारखंच, मूळ गाव सोडून दुसऱ्या मुलखात रुजलेलं. कोण कुठे आहे, कोण कशानं गेलं, हे तिला नात्यागोत्यातून माहीत होतं. १९१३ साली वॉर्थिननी ते प्रसिद्ध केलं. वैद्यकाच्या इतिहासात ते घराणं 'फॅमिली जी' या नावानं ओळखलं जातं. पॉलीन १९१९ मध्ये गर्भाशयाच्या कर्करोगानं गेली. तिनं सांगितलं होतं तसंच झालं.

मला या हकिगतीत वॉर्थिनपेक्षा ती शिवणकाम करणारी बाईच मोठी वाटते. तिनं जे केलं ते कुळवृत्तांताचंच काम होतं. फरक एवढाच की तिनं आजाराचा रकाना घातला आणि मुलींच्या फांद्या तोडल्या नाहीत.

पुढे बराच काळ कोणी लक्ष दिलं नाही. १९६२ मध्ये नेब्रास्का राज्यात ओमाहा इथे हेन्री लिंच हे डॉक्टर शिकाऊ असताना त्यांच्याकडे दारूचं व्यसन जडलेला एक रोगी आला. का पितोस, विचारल्यावर तो म्हणाला, घरातले सगळे कर्करोगानं मरतात, मीही मरणार, म्हणून पितो. लिंच आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या समाजसेविका अ‍ॅन क्रश यांनी त्या माणसाच्या नातेवाइकांचा शोध घेतला, माहिती जमवली. १९६६ मध्ये नेब्रास्काचं हे घराणं आणि मिशिगनचं आणखी एक, अशी दोन घराणी त्यांनी मांडली. सुरुवातीला तज्ज्ञांनी मान हलवली नाही. एकाच घरात राहतात, एकच अन्न खातात, त्यामुळे होत असेल, असं म्हणत राहिले. लिंच एके काळी मुष्टियुद्ध खेळलेले, माघार घेणाऱ्यांतले नव्हते. १९९३-९४ मध्ये त्यामागची जनुकं सापडली तेव्हा वाद मिटला. आज त्या आजाराला लिंच सिंड्रोम म्हणतात. मोठ्या आतड्याच्या दर शंभर कर्करोगांत साधारण तीन या प्रकारचे असतात. त्यात आतड्याबरोबर गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. आई किंवा वडील यांपैकी एकात हा बदल असेल तर प्रत्येक मुलात, मुलगा असो की मुलगी, तो येण्याची शक्यता निम्मी.

आमच्या घरातल्या 'पोटाचा विकार', 'मूळव्याध' आणि 'बायकांचा आजार' या तीन शब्दांकडे आता पुन्हा बघा.

दादाच्या गाठीचा तुकडा मोठ्या इस्पितळात मेणाच्या वडीत जपून ठेवलेला होता. तो तपासला, मग आमचं रक्त तपासलं, आणि बदल सापडला. माझी चाचणी निगेटिव्ह आली. दादाच्या धाकट्या बहिणीची पॉझिटिव्ह.

हे ऐकून खूप जणांना वाटतं, कळून उपयोग काय? नशिबात असेल ते होणार. इथेच दुर्बिणीचा इतिहास सांगावा लागतो, कारण आतड्याचा कर्करोग इतर बऱ्याच कर्करोगांसारखा अचानक उगवत नाही. साधारण दीड मीटर लांबीच्या मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरावर आधी एक लहानसा कोंब येतो, त्याला पॉलिप म्हणतात. मूळव्याधीचे मोड वेगळे, हे पॉलिप वेगळे. दोन्हीत गल्लत करू नये. सगळे पॉलिप बिघडत नाहीत, पण जे बिघडतात त्यांना कर्करोग व्हायला सहसा दहा वर्षांच्या आसपास लागतात. लिंचच्या घराण्यांत हा काळ बराच कमी असतो. तोपर्यंत दुखत नाही, खुपत नाही. त्या काळात तो कोंब खुडून टाकला तर पुढचं टळतं. एवढा मोठा अवधी देणारा कर्करोग क्वचितच.

अडचण होती तिथे पोचायची. आतडं वळणावळणाचं, ताठ नळी घालून शेवटचा हातभर भाग तेवढा दिसायचा. १९५४ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हॅरल्ड हॉपकिन्स आणि आपल्या पंजाबातल्या मोग्याचे नरिंदरसिंग कपानी यांनी काचेच्या बारीक तंतूंच्या जुडग्यातून चित्र वळवून नेता येतं हे दाखवलं. १९५७ मध्ये बेसिल हर्शोविट्झ यांनी त्यावरून लवचिक दुर्बीण तयार केली आणि ती आधी स्वतःच्याच घशात घालून पाहिली. ते मिशिगन विद्यापीठातले. पॉलीन ग्रॉसचंच गाव. १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या बेथ इस्राएल रुग्णालयात विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या ही जोडी दुर्बीण पूर्ण आतड्यातून फिरवू लागली, आणि शिन्यांनी तिच्यातून तारेचा फास आत नेऊन पॉलिप मुळापासून कापून काढला. पोट न फाडता. त्याआधी तेवढ्यासाठी मोठी शस्त्रक्रिया करावी लागे.

मग आकडे आले. १९९३ मध्ये एकाच वर्षी दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. पहिल्यात पॉलिप काढलेल्या १,४१८ जणांवर लक्ष ठेवलं होतं. अपेक्षेपेक्षा त्यांच्यात कर्करोग ७६ ते ९० टक्क्यांनी कमी निघाला. दुसरा मिनेसोटातला, ४६,५५१ लोकांचा. त्यात दुर्बीणसुद्धा आधी नव्हती. दरवर्षी शौचाचा नमुना कागदी पट्टीवर लावून त्यात डोळ्यांना न दिसणारं रक्त आहे का ते बघायचं, आणि असेल त्याचीच दुर्बिणीनं तपासणी करायची. दरवर्षी चाचणी केलेल्यांमध्ये या कर्करोगानं होणारे मृत्यू एक तृतीयांशानं घटले. ती पट्टी ग्वायॅकम नावाच्या झाडाच्या राळेवर चाले, रक्त असेल तर निळी होई. पण मांस खाल्लं, मुळा खाल्ला तरी फसे. आता तिच्या जागी 'फिट' नावाची चाचणी आली आहे, ती फक्त माणसाचं रक्त ओळखते, पथ्य लागत नाही. जपाननं १९९२ पासून चाळिशीपुढच्या सगळ्यांना ती देशभर सुरू केली. इंग्लंडनं २००६ पासून टपालानं घरोघर चाचणीचं पाकीट पाठवायला सुरुवात केली. आपल्याकडे सरकारच्या तपासणी कार्यक्रमात तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयाच्या मुखाचा असे तीन कर्करोग आहेत. मोठं आतडं नाही. आपल्याकडे त्याचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे, त्यामुळे सरकारचा हिशेब मला समजतो. पण मग ज्या घरांत तो पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्या घरांनी स्वतःहून हललं पाहिजे. तुमच्या दारात कोणी पाकीट टाकणार नाही.

आणि चाचणी असली तरी माणसं ती करून घेत नव्हती, हा अमेरिकेतलाही अनुभव. तिथेही या जागेचं नाव काढायची चोरी. १९८५ च्या जुलैमध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या मोठ्या आतड्यातली कर्करोगाची गाठ काढली, तेव्हा पहिल्यांदा आतडं हा विषय घराघरांतल्या टीव्हीवर आला आणि माहिती विचारणाऱ्यांचे फोन वाढले. पण खरा धक्का दिला तो केटी कूरिक या वृत्तनिवेदिकेनं. तिचा नवरा १९९८ च्या जानेवारीत या आजारानं गेला, बेचाळीस वर्षांचा. मार्च २००० मध्ये तिनं स्वतःची दुर्बीण-तपासणी सकाळच्या कार्यक्रमात देशाला दाखवली. मार्च हा या आजाराच्या जाणीवजागृतीचा महिना म्हणून त्याच वर्षी अध्यक्ष क्लिंटन यांनी पहिल्यांदा जाहीर केला. नंतर मिशिगन विद्यापीठाच्याच संशोधकांनी मोजलं (हे विद्यापीठ या गोष्टीतून काही हटत नाही!), तर त्या कार्यक्रमानंतर अशा तपासण्या वीसेक टक्क्यांनी वाढल्या होत्या. मार्चमधले वॉक आणि शर्यती तिथे त्यानंतर गावोगावी पसरल्या, निळे कपडे घालून. काही ठिकाणी तर रस्त्यावर भलंमोठं आतडं उभं करतात, त्याच्या पोटातून लोक चालत जातात आणि आत पॉलिप कसा दिसतो ते बघतात. आपल्याला हे विचित्र वाटेल. पण लहान मुलाला आपलं आतडं मोठ्यानं हसत दाखवता आलं की ते मूल पुढे रक्त लपवणार नाही, असा माझा आपला अंदाज.

आमचा वॉक अगदी साधा. २०१८ मध्ये पहिल्यांदा काढला, तेव्हा एकतीस माणसं होती. त्यातली वीस आमच्याच नात्यातली. करोनाची दोन वर्षं सोडली तर दरवर्षी निघतो. रंगपंचमीची गेर कधी आहे ते आधी बघायचं, तिच्या पुढचा नाहीतर मागचा रविवार धरायचा. गेरच्या दिवशी राजवाड्याकडे कोण फिरकणार! सकाळी साडेसहाला रामबागेतून निघायचं, कृष्णपुरा छत्र्यांवरून राजवाड्यापर्यंत, मग पोहे-जिलबी. अंतर फार नाही, कारण बरोबर सत्तरीचे लोक असतात. पहिल्या वर्षी फलकावर काय लिहायचं यावर आमच्या समितीत दोन संध्याकाळी वाद झाला. 'गुदाशय' शब्द नको, 'शौच' नको, 'रक्त' नको. शेवटी एका काकूंनी विचारलं, अहो, मग 'निरोगी रहा' लिहून रस्त्यानं फिरायचंय का? त्यासाठी कशाला लवकर उठायचं? फलकावर 'शौचावाटे रक्त? मूळव्याध समजून बसू नका' असं लिहिलं. हिंदीतही लिहिलं, कारण रस्ता सगळ्यांचा आहे.

आमचं इंदूर २०१७ पासून सात वर्षं ओळीनं स्वच्छतेत देशात पहिलं आलं. कचरागाडी गाणं वाजवत दारात येते, ओला-सुका वेगळा नसेल तर शेजारीण बोलून दाखवते. उघड्यावर कोण बसतं यावर या शहरानं चौकाचौकांत चर्चा केली. जे शहर संडासाबद्दल इतकं मोकळं बोललं त्याला हा फलक जड जाणार नाही असं मला वाटत होतं, आणि गेलाही नाही. दूधवाले, फुलवाल्या थांबून वाचायचे. एक रिक्षावाला बरोबर हळूहळू रिक्षा चालवत राहिला आणि छत्र्यांपाशी थांबून त्यानं विचारलं, किती दिवस रक्त पडलं तर दाखवायचं?

वॉकचे पैसे, म्हणजे चालणाऱ्यांनी दिलेली वर्गणी, ज्यांना परवडत नाही त्यांच्या तपासणीसाठी जातात. पहिली दोन वर्षं टोप्या आणि टी-शर्टवर बराच खर्च झाला. मला तो आवडला नाही, मी बोललेही. आता टोपी नाही, कागद आहे. माझं मत विचाराल तर नुसतं चालण्यानं कोणाचा कर्करोग टळत नाही. चालून झाल्यावर पोहे खाताना शेजारचा माणूस हळूच काहीतरी विचारतो, त्यासाठी हा सगळा खटाटोप. आणि दरवर्षी कोणीतरी विचारतंच. सुनेचं हिमोग्लोबिन गोळ्या घेऊनही वाढत नाही, त्याचा याच्याशी संबंध असेल का? असू शकतो. बाईची पाळी जास्त जाते म्हणून सोडून दिलं जातं, पाळी थांबलेल्या बाईचं आणि पुरुषाचं हिमोग्लोबिन विनाकारण उतरत असेल तर आतड्याकडे बघायलाच हवं. शौचाची सवय अचानक बदलली, महिनाभर तशीच राहिली, वजन उतरलं, तरीही. ही लक्षणं असतील तर चाचणीच्या पट्ट्या करत बसू नये, सरळ पोटाच्या डॉक्टरांकडे जावं. पट्टी ज्यांना काहीच होत नाही त्यांच्यासाठी.

ज्यांना काहीच होत नाही आणि घरातही कोणाला नव्हता, त्यांच्यासाठी अमेरिकेत आता पंचेचाळीसपासून तपासणी सांगतात. आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कोणाला असेल तर चाळिशीपासून, किंवा त्या माणसाला ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधी, यांतलं जे लवकर येईल ते. लिंच असलेल्यांना विशीतच सुरू करून दर वर्ष-दोन वर्षांनी दुर्बीण. आता बघा, हे नियम पाळायचे तर 'कोणाला झाला होता आणि कितव्या वर्षी' हे माहीत पाहिजे. घोडं तिथेच अडतं.

दुर्बिणीची भीती ज्यांना वाटते त्यांना एवढंच सांगते की खरा त्रास आदल्या रात्रीचा आहे. ते खारट पाणी लिटर-लिटर प्यायचं आणि संडासाच्या दारात मुक्काम ठोकायचा. एरंडेल प्यायलेल्या पिढीला त्याचं काय! दुसऱ्या दिवशी गुंगीचं औषध देतात, अर्ध्या तासात आटोपतं. दादाची बहीण दरवर्षी करून घेते. २०१९ मध्ये तिचे दोन पॉलिप निघाले, आणि त्यांतला एक, डॉक्टर म्हणाले, आणखी थोडी वर्षं राहिला असता तर दादाच्या वाटेनं गेला असता. आता वॉकमध्ये फलक तीच धरते.

तर तो कागद. एका बाजूला आडवी वंशावळ: आजी-आजोबांच्या चारही बाजू, म्हणजे आईकडचीही. प्रत्येक नावापुढे तीन चौकोन: काय झालं होतं, कितव्या वर्षी, आणि घरात त्याला काय म्हणायचे. तिसरा चौकोन मी हट्टानं घातला. 'पोटात गोळा', 'संग्रहणी', 'बाहेरचं काहीतरी', 'अंगावर जातं' असे शब्द त्यात येतात, आणि डॉक्टरांना त्यांतून अंदाज बांधता येतो. कागद परत येतात ते मात्र अर्धेमुर्धे. बापाकडची बाजू सात पिढ्या भरलेली, आईकडची दोन नावांत संपलेली. आत्या, मावश्या, आजीच्या बहिणी कुठे गेल्या ते कोणाला सांगता येत नाही. आपले कुळवृत्तांत मुलग्यांच्या मागे चालतात, हा आजार मुलींच्याही मागे तितकाच चालतो. आत्याच्या देवासच्या घरात तिची मुलं, नातवंडं आहेत आणि त्यांचं आडनाव वेगळं असल्यामुळे आमच्या पुस्तकाला ती दिसत नाहीत.

आमच्या कुळवृत्तांताची नवी आवृत्ती निघते आहे. गेल्या दिवाळीनंतर ग्वाल्हेरला बैठक झाली, तिथे मी हा रकाना घालायचं सुचवलं. बैठकीतले ज्येष्ठ, माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, शांतपणे म्हणाले, "ताई, तुझं सगळं खरं. पण छापलेल्या पुस्तकात हे आलं तर आपल्या मुलींची लग्नं कशी व्हायची?" त्यांच्या बोलण्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. वॉर्थिन स्वतः सुप्रजननवादी विचारांचे होते. अशा घराण्यांतली माहिती माणसांविरुद्ध वापरली जाऊ शकते, ही भीती काही काकांच्या मनातून निघालेली नाही. पण दादाच्या बहिणीची मुलगी तेव्हा चहा देत होती. तेवीस वर्षांची आहे. ती ट्रे ठेवून म्हणाली, "आजोबा, स्थळ बघायला येणाऱ्याला मी स्वतःच सांगणार आहे. तो पळाला तर बरंच झालं. पण मला आधी माझ्या आजीच्या बहिणींना काय झालं होतं ते कळू द्या." काका काही बोलले नाहीत. चहा मात्र त्यांनी सगळा प्यायला.

ठरलं ते असं. पुस्तकात रकाना येणार नाही. प्रत्येक घराला पुस्तकाबरोबर एक सुटा कागद जाईल, तो त्या घरानं स्वतःकडे ठेवायचा, मुलंमुली अठरा वर्षांची झाली की त्यांना दाखवायचा, आणि तपासणीला जाताना डॉक्टरांकडे न्यायचा. माहेरवाशिणींच्या घरीही जाईल. मला हे निम्मं काम वाटतं, पण निम्मं तरी झालं.

माहेरवाशिणींची यादी करायला घेतली तेव्हा कळलं की पत्ते कोणाकडेच नाहीत. गेले चार महिने जुनी लग्नपत्रिका, मंगळागौरीचे फोटो, आहेराच्या वह्या चाळते आहे. अठ्ठावीस घरांपैकी चोवीस सापडली. आजोबांच्या बहिणीकडची दोन घरं सागरला होती, त्यांचा माग जबलपूरपर्यंत लागतो. एक नात लग्न होऊन वडोदऱ्याला दांडिया बाजारात राहत होती. आणि सगळ्यांत धाकटी हैदराबादला दिली, सुलतान बाजारच्या बाजूला, १९६१ च्या सुमारास. सासरे निजामाच्या काळात शाळेत मास्तर होते एवढंच घरात सांगतात. तुमच्यापैकी कोणाच्या आजीचं किंवा पणजीचं माहेर लष्करचं, वडील महसूल खात्यात आणि सतार वाजवणारे भाऊ असं काही ऐकलेलं असेल, तर मला वेगळा निरोप पाठवा. नावं मी इथे मुद्दाम लिहिलेली नाहीत.